नोरिकोने नाकारलेली शाबासकी

'टोकियो स्टोरी' सुरू होतो तेव्हा ओनोमिची या बंदराच्या गावातल्या एका घरात प्रवासाची बांधाबांध चालली आहे आणि हवा भरून फुगवायची उशी सापडत नाहीये. शुकिची बायकोला म्हणतो, तुझ्याकडेच असेल. तोमी म्हणते, अहो, तुमच्याकडे दिली होती. एवढ्यात शेजारीण खिडकीतून डोकावते, मुलांकडे निघालात, भाग्यवान आहात, असं म्हणते. ती गेल्यावर उशी शुकिचीच्याच सामानात निघते. तो तसं सांगतो. तोमी 'बघा, मी म्हणत नव्हते?' असं काही म्हणत नाही. तिला उशी मिळाली, एवढं पुरतं. कित्येक वर्षांच्या संसारात कुठल्या गोष्टीचा हिशेब मांडायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे या दोघांना कळलेलं आहे, आणि ते आपल्याला दोन मिनिटांत कळतं. पुढचे सव्वादोन तास हा सिनेमा हिशेबाबद्दलच बोलणार आहे: आईवडिलांनी मुलांकडून किती अपेक्षा ठेवावी, मुलांनी किती फेडावं, आणि ज्याच्यावर काहीच देणं नाही असं माणूस आपणहून देतं तेव्हा त्याचं काय करायचं.

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा हा चित्रपट 1953 सालचा. पटकथा त्याने कोगो नोदा या आपल्या जुन्या सहकाऱ्याबरोबर लिहिली. हॉलिवूडमध्ये लिओ मॅकॅरीने 1937 साली 'मेक वे फॉर टुमॉरो' नावाचा सिनेमा केला होता. मुलांच्या घरांत वाटल्या गेलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांची ती गोष्ट. 'टोकियो स्टोरी'चं बीज तिथलं. आपल्याकडे राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' 1954 साली आला आणि त्यातही वृद्ध मास्तर, त्यांची पत्नी आणि मुलांची घरं आहेत. 2003 सालचा 'बागबान' तर अनेकांना पाठच असेल. म्हणजे विषय कुणा एका देशाचा नाही. तरीही ओझूच्या हाती तो वेगळाच होऊन बसतो, कारण म्हाताऱ्यांची बाजू घेऊन मुलांना फटकारायचं काम तो करत नाही. 'बागबान'मध्ये शेवटी बाप व्यासपीठावरून बोलतो आणि सभागृह टाळ्या वाजवतं. 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर जखमी सिंहासारखे बोलतात. शुकिचीला मात्र असं भाषण दिलेलंच नाही. कुणी काही सांगितलं की तो मान डोलावतो, 'हो का' म्हणतो, हसतो. चिशू ऱ्यूने ही भूमिका केली तेव्हा तो अवघा 49 वर्षांचा होता आणि त्याच्या मुलीचं काम करणारी हारुको सुगिमुरा त्याच्याहून जेमतेम पाच वर्षांनी लहान. पाठीचा बाक आणि उठता-बसतानाचा संथपणा यातून त्याने सत्तरीचा माणूस उभा केला आहे.

गोष्ट एका दमात सांगता येते. म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. थोरला कोइची डॉक्टर आहे, उपनगरात त्याचा छोटा दवाखाना. मुलगी शिगेचं ब्यूटी पार्लर आहे. मधला शोजी युद्धात गेला, त्याला आठ वर्षं झाली; त्याची विधवा नोरिको एका कंपनीत नोकरी करते आणि एका खोलीत एकटी राहते. धाकटा केइझो ओसाकाला रेल्वेत आहे. सगळ्यांत धाकटी क्योको गावी आईवडिलांजवळ राहते आणि शाळेत शिकवते. टोकियोत मुलांना वेळ नाही. दोघांना अतामीच्या गरम झऱ्यांच्या गावी पाठवून दिलं जातं, तिथून ती लवकर परततात, मग घरीच परत निघतात. वाटेत तोमीला बरं वाटेनासं होतं, आणि गावी पोचल्यावर थोड्याच दिवसांत ती जाते. मुलं येतात, अंत्यसंस्कार होतात, मुलं जातात. नोरिको काही दिवस थांबते आणि मग तीही जाते.

एवढंच. कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही. कुणाची जमीन हडपली जात नाही. मुलं आईवडिलांना वाईट वागवतात असं म्हणावं तरी पंचाईत होते. कोइचीने रविवारी आईवडिलांना फिरवायचं ठरवलेलं असतं. सगळे कपडे करून तयार असतात, तेवढ्यात एका आजारी मुलासाठी बोलावणं येतं. डॉक्टरने जायचं नाही तर काय करायचं? त्याच्या मुलाला, मिनोरूला, याचा राग येतो आणि तो आदळआपट करतो. आजोबा-आजी शांतपणे कपडे बदलतात. दुपारी तोमी धाकट्या नातवाला, इसामूला, बंधाऱ्यावर फिरायला घेऊन जाते. मोठा होऊन काय होणार, बाबांसारखा डॉक्टर होणार का, असं त्याला विचारते, आणि मग स्वतःशीच म्हणते की तू डॉक्टर होशील तोवर मी असेन का. पोरगं गवत उपटण्यात दंग आहे. त्याने उत्तर द्यायचं काही कारणही नाही. या सिनेमात मृत्यूची पहिली चाहूल एका अशा वाक्यातून लागते ज्याला कुणी उत्तर देत नाही.

शिगेकडे पाहताना ओझूचं धाडस कळतं. ती कंजूष आहे, तोंडाळ आहे, स्वतःला सोयीचं तेवढंच बघते. नवरा सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई घेऊन येतो तर ती त्याला रागावते, एवढी महागाची कशाला, आणि रागावता-रागावता स्वतः खाऊ लागते. पार्लरमध्ये आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे कोण, तेव्हा ती सांगते, गावाकडच्या ओळखीचे. हे वाक्य ऐकून मला दर वेळी खुर्चीत अवघडल्यासारखं होतं. आणि तरीही हीच शिगे, आई आता सकाळपर्यंतसुद्धा राहणार नाही असं भाऊ सांगतो तेव्हा, ओक्साबोक्शी रडते. ते रडणं खोटं नाही. सुगिमुराने ते असं काही रडून दाखवलं आहे की शंका घ्यायला जागाच उरत नाही. मग जरा वेळाने डोळे पुसून ती नोरिकोला विचारते, तू सुतकाचे कपडे आणलेस का? नोरिकोने आणलेले नाहीत. शिगे आणि कोइचीने निघतानाच त्याचा विचार करून ते बरोबर घेतले होते. दोघंही आपल्या परीने कर्तव्यदक्ष आहेत. आईच्या मरणाची तयारी त्यांनी केली होती. नोरिकोला ती सुचलीच नाही. या एका साध्या कपड्याच्या प्रश्नातून ओझूने तिघांना असं काही समोरासमोर उभं केलं आहे की त्यापुढे दुसऱ्या कुणाच्या तोंडी कसलाही निवाडा घालायची गरज राहत नाही.

आईचं प्रेम शिगेला आहेच. तिच्याकडे नाही तो वेळ, आणि वेळ काढण्यासाठी स्वतःची थोडी गैरसोय सोसायची तयारी. 'टोकियो स्टोरी'तलं कुटुंबप्रेम पैशात मोजलेलं नाही, भावनेतही मोजलेलं नाही. ते वेळेत मोजलेलं आहे, आणि म्हणूनच ते इतकं आपल्या ओळखीचं वाटतं. अतामीला पाठवायचे पैसे शिगे आणि कोइची दोघं मिळून घालतात, तेही खुशीने. पैसे देणं त्यांना जमतं. शहरात स्वतःच्या हिमतीवर बस्तान बसवलेल्या माणसाला पैसे देणं हेच सगळ्यांत सोपं असतं. अतामीच्या त्या हॉटेलात रात्रभर जुगाराचा आणि गाण्याबजावण्याचा गोंगाट चालतो, दोघांना डोळा लागत नाही. सकाळी समुद्राच्या भिंतीवर बसलेली असताना दोघं एकमेकांना सांगतात की तुलाच घरी जावंसं वाटतंय, तुम्हालाच. उठताना तोमीला क्षणभर घेरी येते.

आता नोरिकोची खोली.

शिगे फोन करून नोरिकोला विचारते की तू यांना एक दिवस फिरवशील का. नोरिको साहेबांना विचारून रजा काढते. बसमधून ती सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते. एका उंच इमारतीच्या बाहेरच्या जिन्यावरून ती हात करून सांगते की दादांचं घर त्या बाजूला, ताईंचं तिकडे. तोमी विचारते, आणि तुझं? नोरिको दुसऱ्या दिशेला बोट दाखवते. मग ती त्यांना तिथे घेऊन जाते. इथवर सिनेमात आपण दोन घरं पाहिली आहेत, त्यातल्या एकात पाहुण्यांसाठी नातवाचं टेबल हलवावं लागलं आणि त्याने त्यावरून भांडण केलं. नोरिकोची खोली त्या सगळ्यांत लहान. पाहुणे आले म्हणून तिला शेजारणीकडे साकी मागायला जावं लागतं. शेजारीण बाटली देते, प्याले देते. म्हणजे घरात पाहुणचार करायलासुद्धा काही नाही, पण तो होतो. ती सासऱ्याला साकी देते, जेवण मागवते, पंखा हातात घेऊन वारा घालते. भिंतीजवळ शोजीचा फोटो आहे. तोमी आणि शुकिची तो फोटो निरखतात, त्याच्या पिण्याबद्दल बोलतात, हसतात. गेलेल्या मुलाची आठवण निघते आणि कुणी रडत नाही. सबंध टोकियोत त्यांना या एका घरात आपल्या मुलाबद्दल बोलायला मिळतं, आणि तो मुलगा तिथे नाही.

या प्रसंगात ओझूचा कॅमेरा नेहमीसारखा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली ठेवलेला आहे. छायालेखक युहारू अत्सुताने संपूर्ण सिनेमात ही उंची सांभाळली आहे. पुष्कळांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. मला इतकंच म्हणायचं आहे की घरात सगळे खाली बसतात तिथे कॅमेराही खाली बसला तर तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. वरून पाहणारी नजर कुणालाही लहान दाखवू शकते. ही नजर तसं करूच शकत नाही. आणि तो कॅमेरा हलत तर जवळजवळ नाहीच. सबंध सिनेमात अगदी मोजक्या वेळी तो सरकतो, त्यातली एक जागा उएनोच्या बागेतली आहे: भिंतीच्या कडेने तो हळूहळू सरकतो आणि बसलेल्या त्या दोघांपाशी येऊन थांबतो. अतामीहून लवकर परतल्याबद्दल शिगेने नाक मुरडलं आहे, संध्याकाळी तिच्याकडे पार्लरवाल्यांची बैठक आहे. तिथे राहायला जागा नाही. आता आपण खरंच बेघर झालो, असं शुकिची हसतच म्हणतो. तोमी समोर पसरलेलं टोकियो बघून म्हणते, केवढं मोठं आहे हे, इथे चुकामूक झाली तर आयुष्यभर शोधलं तरी भेट व्हायची नाही. दोघं वेगळी होतात. तो जुन्या मित्राकडे जातो, ती नोरिकोकडे.

तो मित्रांबरोबर खूप पितो. एकाचे दोन मुलगे युद्धात गेले आहेत, दुसऱ्याचा जिवंत आहे तो बायकोपुढे बोलत नाही. पिऊन झाल्यावर शुकिची कबूल करतो की कोइची म्हणजे कुणी बडा डॉक्टर असेल असं आपल्याला वाटायचं, निघाला गल्लीतला साधा डॉक्टर. ही खंत त्याने बायकोपाशीही बोलून दाखवली नसेल. शहरात खूप माणसं, खूप घरं, त्यात एक मुलगा फार उंच गेला नाही एवढं कळायला त्याला इथवर यावं लागलं.

त्याच रात्री नोरिकोच्या खोलीत तोमीसाठी गादी घातली जाते. ती शोजीची गादी आहे. तोमी म्हणते की त्याच्या गादीवर झोपायला मिळालं याचं सुख वाटतंय. नोरिको तिचे खांदे दाबून देते. आणि इथे तोमी ते वाक्य बोलते ज्यामुळे माझ्या मते हा चित्रपट आज्ञाधारक सुनेची गोष्ट होता होता वाचतो. तो जाऊन आठ वर्षं झाली, तुझ्याकडे बघून आम्हाला अपराधी वाटतं, चांगला माणूस मिळाला तर लग्न कर. नोरिको हसून म्हणते, मी अशीच बरी आहे. तोमी म्हणते, तरुण आहेस तोवर ठीक, पण वय झाल्यावर एकटीला जड जाईल. नोरिको म्हणते, मग मी म्हातारीच होणार नाही. दोघी झोपतात. आणि अंधारात नोरिकोची भूमिका करणाऱ्या सेत्सुको हाराच्या डोळ्यांत पाणी दिसतं. त्या पाण्याचं कारण ओझू सांगत नाही. पुढे, तोमी गेल्यावर, नोरिकोच सांगते.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती यायला हवी. लेकी-मुलांना वेळ नाही आणि परक्या घरची विधवा सून सासूचे पाय चेपते, हे चित्र आपल्याला फार ओळखीचं आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत निष्ठेची सगळी ओझी सुनेच्याच खांद्यावर टाकली गेली आणि मग तिलाच देवी म्हणून देव्हाऱ्यात बसवलं गेलं. ओझू तेच करतो आहे का? सिनेमा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तसं वाटू शकतं, कारण नोरिको सतत हसते, सतत वाकते, सतत 'छे, काहीच नाही' म्हणते. पण नोरिकोला या घराशी बांधून ठेवणारं कुणी नाही, हे विसरता येत नाही. कायद्याने नाही, पैशाने नाही, धाकाने नाही. उलट सासू तिला सोडून द्यायला बघते, सासराही तेच सांगणार आहे. घरातली माणसं जिला मुक्त करायला निघाली आहेत तीच थांबते. तिचं थांबणं तिचं स्वतःचं आहे. निष्ठेला किंमत येते ती अशा वेळी, जेव्हा निघून जाण्याची वाट समोर उघडी असते आणि दार उघडून देणारा कुणी रागावलेला नसतो.

टोकियोच्या स्टेशनवर निरोप घेताना तोमी सगळ्यांना सांगते की आता सगळ्यांची भेट झाली, पुढे मला काही झालं तरी धावत येऊ नका. शिगे तिची थट्टा करते. ओसाकाला तोमीला बरं नाही म्हणून दोघं केइझोकडे उतरतात, आणि तिथे या चित्रपटातलं माझं सगळ्यांत आवडतं संभाषण घडतं. दोघं मुलांबद्दल बोलत बसली आहेत. काहींना म्हणे मुलांपेक्षा नातवंडं जास्त आवडतात. आपल्याला? दोघांनाही मुलंच जास्त आवडतात असं ठरतं. मुलं वाढली की बदलतात, शिगे लहानपणी किती मायाळू होती. मग दोघं एकमेकांना समजावतात. आईबापांच्या अपेक्षा कधीच पुऱ्या होत नसतात. तरीही आपली मुलं इतरांपेक्षा बरी आहेत. हो, बरीच बरी. आपण नशीबवान आहोत. हो, नशीबवान आहोत. एकेका वाक्यागणिक ती अपेक्षा एकेक पायरी खाली उतरवत नेतात, आणि उतरताना एकमेकांचा हात सोडत नाहीत. या दोघांची एकमेकांवरची निष्ठा ही अशी आहे. मुलांवर नाराज व्हायचा हक्क दोघांनी मिळून सोडून दिला, आणि तो एकट्याने सोडता आला नसता.

तोमी पहाटे जाते. शुकिची बाहेर येतो, सूर्य उगवताना बघतो, आणि नोरिको त्याला शोधत येते तेव्हा म्हणतो की पहाट फार सुंदर होती, आज उकडणार. यावर अनेकांनी अनेक अर्थ चढवले आहेत. मी एवढंच पाहतो की हे वाक्य तो नोरिकोशी बोलतो. स्वतःच्या तिन्ही मोठ्या मुलांपैकी कुणाशी बोलला असता तर ते विचित्र वाटलं असतं. केइझो उशिरा पोचतो. आई गेलेली असते. मठात मंत्र चालू असताना तो उठून बाहेर येतो; लाकडी वाद्याच्या ठोक्यांबरोबर आई लहान-लहान होत चालली आहे असं त्याला वाटतं. आईवडील हयात असतानाच त्यांची सेवा करावी, नंतर काय उपयोग, हे तो त्या पायऱ्यांवर बसून म्हणतो. आणि मग संध्याकाळच्या गाडीने निघूनही जातो. बेसबॉलचा सामनाही त्याच्या डोक्यात आहे. मला यात ढोंग दिसत नाही. पायऱ्यांवर त्याला जे वाटलं ते खरं होतं, गाडी पकडतानाही तो खरा आहे. माणसाच्या एकाच दिवसात हे दोन्ही मावतं.

अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणात शिगे क्योकोकडे आईचे कपडे मागते. आईचा करडा ओबी आहे ना, आणि तो किमोनो, ते मला हवेत. जेवण चालू आहे. क्योको काही बोलत नाही. तिचं न बोलणं पुढे फुटणार आहे.

ते फुटतं सगळे गेल्यावर. क्योको नोरिकोपाशी म्हणते, किती स्वार्थी आहेत ही माणसं, आई गेली नाही तोच कपडे मागतात, परक्या माणसांना तरी यांच्यापेक्षा माया असते. नोरिको तिला समजावते. मीही तुझ्याएवढी असताना असंच म्हणायचे. पण मुलं मोठी झाली की आईवडिलांपासून दूर जातात. ताईंचं आता त्यांचं स्वतःचं आयुष्य आहे. क्योको विचारते, तुम्हीही अशा होणार? नोरिको म्हणते, व्हायचं नाही, पण कदाचित होईन. मग आयुष्य निराशच करणारं आहे ना, असं क्योको विचारते, आणि नोरिको हसत हसत 'हो' म्हणते. हाराच्या त्या हसण्याबद्दल जगभर लिहिलं गेलं आहे. 1949 सालच्या 'लेट स्प्रिंग'मध्ये आणि 1951 सालच्या 'अर्ली समर'मध्येही तिने नोरिको नावाचीच मुलगी साकारली होती, आणि त्या तिघी वेगवेगळ्या असल्या तरी हसण्याआड काहीतरी सांभाळून ठेवणं तिघींत आहे. इथे ते हसणं क्योकोला धीर देण्यासाठी आहे. 'हो' हे उत्तर देताना ती क्योकोला खोटं सांगत नाही, आणि तरी त्या मुलीच्या मनावर त्याचं ओझं पडू देत नाही.

क्योको शाळेला जाते, आणि मग शुकिची आणि नोरिको समोरासमोर बसतात. ओझूने या संभाषणात दोघांचे चेहरे जवळजवळ समोरून, आपल्याकडेच बघत असल्यासारखे घेतले आहेत. शुकिची आभार मानतो. तोमी म्हणाली होती की टोकियोतली सगळ्यांत चांगली रात्र तुझ्याकडची होती. मग तोही तेच सांगतो जे तोमीने सांगितलं होतं: शोजीला विसर, लग्न कर, आमची काळजी करू नकोस, तुझ्यासारखी चांगली बाई मी पाहिली नाही.

आणि नोरिको ही शाबासकी नाकारते. ती म्हणते, मी तुम्ही समजता तेवढी चांगली नाही. आईंना वाटत होतं तशी मी नाही. शोजीची आठवण मला नेहमी येतेच असं नाही. कित्येक दिवस असे जातात की त्यांची आठवणही होत नाही. कधी रात्री एकटी असताना वाटतं, हे असंच चालू राहिलं तर माझं काय होणार. मनात कुठेतरी कशाची तरी वाट बघणं चालूच असतं. मी स्वार्थी आहे. शुकिची तिला म्हणतो, तू स्वार्थी नाहीस, तू प्रामाणिक आहेस. आता त्या रात्रीच्या अश्रूंचा उलगडा होतो. ती सासूच्या मायेने रडत नव्हती, निदान फक्त त्याने नाही. सासू तिला निष्ठावान समजून कौतुक करत होती, आणि तिला आपल्या निष्ठेतली पोकळी दिसत होती.

माझ्या वाचण्यात सबंध सिनेमाचं मर्म इथे आहे. नोरिको आठ वर्षं सासरच्या माणसांशी ज्या प्रेमाने वागली ते तिच्या नवऱ्याच्या आठवणीतून येत होतं, असा सगळ्यांचा समज होता. ती सांगते आहे की ती आठवण तर विरत चालली आहे. म्हणजे तिचं थांबणं त्या आठवणीच्या जोरावर नव्हतं. ते या दोन म्हाताऱ्या माणसांसाठी होतं, जशी ती आहेत तशी. नात्याचं कारण संपलं तरी नातं उरलं. शिगेपाशी नात्याचं कारण शाबूत आहे, रक्ताचं आहे, आणि वागण्यात ते अभावानेच दिसतं. निष्ठा भावनेतून जन्मते असं आपण धरून चालतो. ओझू दाखवतो की भावना आटत आली तरी माणूस पंखा हातात घेऊन वारा घालू शकतं, रजा काढू शकतं, खांदे दाबू शकतं, आणि ते ढोंग ठरत नाही. स्वतःच्या भावनेबद्दल इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचं वागणं ढोंगी असूच शकत नाही.

शुकिची तोमीचं घड्याळ आणून नोरिकोला देतो. तिने तुझ्याच वयापासून ते वापरलं, असं सांगतो. आता ती मान खाली घालून रडते. मग तो म्हणतो, गंमत आहे, आमची स्वतःची मुलं असताना रक्ताचं नातं नसलेल्या तूच आमच्यासाठी सगळ्यांत जास्त केलंस. ओझूने स्वतः लग्न केलं नाही, तो कामाकुरात आईबरोबर राहत होता, आणि त्याची आई त्याच्या मरणाच्या आदल्या वर्षी, 1962 साली गेली. हा तपशील मला आठवतो कारण आईबापाजवळ राहिलेल्या मुलाला काय दिसतं हे त्याला ठाऊक होतं. शुकिचीच्या त्या वाक्यात मात्र एक माणूस सुटला आहे.

क्योको. सिनेमाच्या पहिल्या प्रसंगात तीच आईवडिलांच्या प्रवासाची तयारी करून शाळेला धावत निघाली होती. ती त्यांच्या घरात राहते, त्यांच्याबरोबर जेवते, आईच्या उशाशी शेवटपर्यंत बसते, भावंडं गाडीने परत गेल्यावर बापाबरोबर राहते. शुकिची जेव्हा 'आमच्या स्वतःच्या मुलांपेक्षा' असं म्हणतो तेव्हा क्योको त्याचीच मुलगी आहे आणि त्याच्या घरातून नुकतीच डबा घेऊन बाहेर पडली आहे. त्याच्या मनात तिला वगळायचं नसणार. पण रोज समोर असणारं माणूस मोजदादीत येतच नाही, ते मुलांत धरलं जात नाही आणि परक्यांतही नाही. नोरिकोला घड्याळ मिळालं, कौतुक मिळालं, ते नाकारायची संधीही मिळाली. क्योकोला कुणी शाबासकी दिली नाही, म्हणून ती नाकारण्याचा प्रश्नही आला नाही. एवढंच नव्हे, तर शेवटी पुन्हा खिडकीत आलेली शेजारीण शुकिचीला म्हणते की तुम्हाला आता एकटं वाटेल, आणि तोही म्हणतो, एकट्याला दिवस फार मोठे वाटतात. शाळा सुटली की क्योको त्याच घरी येणार आहे, स्वयंपाक करणार आहे, आणि या दोघांपैकी कुणाच्याही बोलण्यात तिचं नाव नाही.